स्त्रियांचे एक झाकलेले दुखणे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात रोहा येथे केलेले भाषण)



संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी कळविले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. निवृत्त शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे शिक्षणाचे महत्त्व, नाही तर गुणवंत विद्यार्थ्यांना उपदेश, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषयाची चिठ्ठी पाठविली आणि त्याच दिवशी सायंकाळी चिटणीस स्वतः घरी आले. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "गुरुजी, हा विषय भरसभेत, आणि तोही पुरुषाने, बोलावयाचा का?" आम्ही त्यांना उलट विचारले, "तुमच्या घरी कोणाला डॉक्टरांकडे केव्हा न्यावयाचे, हे कोण ठरवितो?" ते म्हणाले, "मीच ठरवितो." "मग हा विषय तुम्हीच ऐकावयास हवा," एवढेच आम्ही बोललो. त्यांनी मोठ्या मनाने अनुमती दिली, याबद्दल त्यांचे प्रथम आभार मानतो.

विषय आहे स्त्रियांचे अंग बाहेर येण्याचा. आमच्या भगिनींना हा शब्द ठाऊक आहे. विहिरीवर, भाताच्या खळ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत तो कुजबुजत बोलला जातो. वैद्यकाच्या भाषेत त्यास गर्भाशयभ्रंश म्हणतात. आम्ही वैद्य नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक होऊन आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविले. तेव्हा जे सांगणार आहोत ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि घरात सोसून शिकलेले आहे. हे टिपण एका परिचित स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी वाचून पाहिले आहे, म्हणूनच ते आपणापुढे ठेवण्याचे धैर्य होत आहे.

प्रथम आमच्या मातोश्रींविषयी सांगतो. त्यांना सात बाळंतपणे झाली, त्यांतली पाच मुले जगली. सर्व बाळंतपणे घरीच, गावच्या सुईणीच्या हातून झाली. घरची शेती थोडी, माणसे पुष्कळ. धाकट्या बहिणीचा जन्म ऐन आषाढात झाला आणि तिसऱ्या आठवड्यात आई लावणीच्या चिखलात उभी होती, हे आम्हांस आठवते. त्या वेळी ते आम्हांस कौतुकाचे वाटले. आमची आई किती कष्टाळू, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू.

पुढे आईने एकेक गोष्ट सोडून दिली. धावीर महाराजांच्या पालखीबरोबर ती गावभर चालत असे. ते सोडून ती दारातूनच ओवाळू लागली. एस. टी. च्या प्रवासास नेहमी नाही म्हणू लागली. भाचीच्या लग्नास गेली नाही. नऊवारी लुगड्याचा काष्टा ती फार घट्ट कसून नेसे आणि त्याच्या आत जुन्या धडप्याची घडी ठेवी. देवळात किंवा कोणाच्या घरी फार वेळ बसत नसे. आम्ही समजलो, वय झाले. माणूस एकलकोंडा होतो. मोठ्या शहाणपणाने आम्ही तिला एकदा "जरा चार माणसांत मिसळत जा" असा उपदेशही केला. ती नुसती हसली.

सन १९९६ मध्ये ती वारली. शेवटची आंघोळ घालण्यास शेजारच्या वृद्ध काकू आल्या होत्या. दहावा झाल्यावर त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना बाजूस घेऊन सांगितले, की बाईचे अंग पुरे बाहेर होते, त्यावर घासून घासून जखम झालेली होती, आणि हे काही आजचे नव्हे, निदान पंचवीस वर्षांचे होते. पंचवीस वर्षे एका घरात, एका छपराखाली! मुलगा शिक्षक, शाळेत आरोग्यावर धडे देणारा. आणि आईला चालताना काय होते हे त्यास ठाऊक नाही. ज्ञातिबांधवहो, त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही. आईने सांगितले नाही हे खरे. परंतु आम्ही तरी कधी विचारले होते?

आता हे दुखणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरी सुंभाने विणलेली बाज असे, ती स्मरणात आणावी. बाजेची चौकट घट्ट असते आणि तीवर विणलेल्या दोऱ्या भार तोलून धरतात. वर्षानुवर्षे वापरून विण सैल पडते, मध्ये खोळ पडते आणि निजणाराची पाठ जमिनीस टेकू लागते. स्त्रीच्या कमरेच्या हाडांची चौकट अशीच आहे. तिच्या तळाशी स्नायूंची विण आहे, आणि बाजूंनी व मागून चिवट बंध आहेत. या विणीवर पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि मागे गुदाशय अशी तीन इंद्रिये विसावलेली असतात. विण सैल झाली, बंध ताणले गेले, की ही इंद्रिये खाली उतरतात. कधी नुसते मूत्राशय पुढच्या भिंतीतून फुगून येते, कधी मागून गुदाशय येते, कधी गर्भाशयच घसरत घसरत द्वारापर्यंत येते आणि शेवटी पुरते बाहेर पडते. म्हणजे हा कोणाचा शाप नव्हे, वाईट चालीचे फळ नव्हे, संसर्गाने होणारा रोगही नव्हे. पुरुषास अंतर्गळ होतो, त्यातलाच हा प्रकार समजावा. अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेला गृहस्थ ओटीवर बसून तिची हकीकत खुशाल सांगतो. मग बाईनेच का लाजावे?

लक्षणे अशी. ओटीपोटात जड वाटते, काही तरी खाली सरकल्यासारखे भासते, सायंकाळी अधिक व निजल्यावर कमी. कंबर दुखते. खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना लघवीचे थेंब जातात. उलट काहींना लघवी अडकते आणि अंग हाताने आत सारल्यावाचून होत नाही. शौचासही तशीच अडचण येते. बाहेर आलेला भाग वस्त्रास घासून व्रण होतो. दुखणे फार वाढले तर मूत्रमार्गाला पीळ पडून मूत्रपिंडांसही अपाय पोहोचतो. हा कर्करोग नव्हे. परंतु विटाळ कायमचा गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

कारणांकडे पाहिले तर आपल्या गावांचे सारे जीवनच डोळ्यांपुढे उभे राहते. मुख्य कारण प्रसूती, त्यांतही कोवळ्या वयातल्या, पाठोपाठच्या आणि अडून राहिलेल्या. मुलीच्या विवाहाचे वय कायद्याने अठरा ठरले ते १९७८ साली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी भगिनींची लग्ने त्यापूर्वीची. गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्यापूर्वीच "कळ दे, कळ दे" म्हणून सुईणी बाळंतिणीस जोर करावयास लावीत. त्याने बंध ताणले जात. नंतरचा दोष आपल्या घरांचा. सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडू नये, ओझे उचलू नये, ही आपली जुनी चाल सोवळ्याच्या नावाखाली का होईना, मोठी शहाणपणाची होती. विटाळ तेवढा आम्ही पाळला, विसावा मात्र पाळला नाही. लावणी आली, राब झाला, मोळी आणावयाची झाली, की बाळंतिणीचा सव्वा महिना पंधरवड्यावर येई. पेणच्या खारेपाटात तर गोड्या पाण्याच्या टंचाईने बायकांच्या डोक्यावरचे हंडे वर्षाचे कित्येक महिने उतरत नसत. चुलीच्या धुराने लागलेला जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि उतारवयात शरीरातील रसांचे मान घटल्याने स्नायूंना येणारा ढिलेपणा, हीही कारणे आहेत. काही मुलींचे बंध मुळातच नाजूक असतात; त्यांना एकाच बाळंतपणात, क्वचित बाळंतपणाशिवायही हा त्रास होतो. त्यांस कोणी दोष देऊ नये.

हे दुखणे काही नवे नाही. आपल्या चरकसंहितेत व सुश्रुतसंहितेत स्त्रियांच्या वीस योनिव्यापदांची गणना आहे, आणि त्यांत अंग स्थानभ्रष्ट होण्याचेही वर्णन आढळते. प्राचीन ग्रीक वैद्य अर्धे डाळिंब आत बसवून अंगास आधार देत, आणि बाईला शिडीस बांधून उलटे टांगून हालवीत असत, असे इतिहास सांगतो. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी या दुखण्याविषयी ग्रंथ लिहिले, आणि विसाव्या शतकात आमच्या मातोश्री मात्र त्याविषयी अवाक्षर बोलू शकल्या नाहीत!

हे मौन केवळ आमच्या घरचे नव्हते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली इंग्लंडमधील 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांतील ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. आणि त्यापूर्वी कधी तरी डॉक्टरांकडून अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. हे आकडे सर्व स्त्रीरोगांचे आहेत, एकट्या अंगभ्रंशाचे नव्हेत. तथापि आजार किती आणि सांगणाऱ्या किती, याचे ते चित्र आहे. शेजारच्या नेपाळात तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला, की या दुखण्यातून स्त्रियांची सुटका करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. डोंगरात ओझी वाहणाऱ्या बायका तेथेही याच व्याधीने गांजलेल्या.

आता उपायांकडे वळू. कारण उपाय आहेत हेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

पहिला उपाय बिनखर्चाचा. अंग थोडेच उतरले असेल तर तळच्या स्नायूंचा व्यायाम करावा. लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळून पाच ते दहा अंक मोजावे, मग तितकाच वेळ सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी करता येते, कोणास कळतही नाही. लघवी करीत असताना मात्र हा व्यायाम करू नये. निदान तीन महिने नेमाने केल्यास पुष्कळ भगिनींना गुण येतो. जोडीस खोकल्यावर औषध, शौचास साफ होईल असा आहार आणि ओझ्यास विश्रांती.

दुसरा उपाय कड्याचा. रबराचे किंवा सिलिकोनचे वाटोळे कडे डॉक्टर मापाप्रमाणे निवडून आत बसवितात आणि त्यावर गर्भाशय तोलून राहते. शस्त्रक्रिया नको असलेल्यांना, वयोवृद्धांना, हृदयविकाराच्या रोग्यांना हे फार सोयीचे. मात्र डॉक्टर सांगतील त्या मुदतीने ते काढून धुवावे लागते व आत तपासून घ्यावे लागते. बसविले आणि विसरले, तर व्रण होतो.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. येथे एका थोर पुरुषाचे स्मरण केले पाहिजे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून, १९३१ साली इंग्लंडमधून एफ. आर. सी. एस. होऊन ते परत आले आणि त्याच कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली. गर्भाशयाचे तोंड सैल असल्यामुळे ज्या स्त्रियांचे गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पडून जात, त्यांच्यासाठी त्यांनी १९५५ साली एक टाका जगापुढे मांडला. तो 'शिरोडकर टाका' म्हणून देशोदेशीच्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि त्यायोगे असंख्य घरांत पाळणे हालले. त्याच शिरोडकरांनी अंगभ्रंशावरही फार विचार केला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल.

त्या काळी युरोपात रूढ असलेली पद्धत मँचेस्टर शहराच्या नावाने ओळखली जाई. डॉ. डोनाल्ड यांनी १८८८ साली ती तेथे सुरू केली व डॉ. फॉदरगिल यांनी तीत सुधारणा केली. तीत गर्भाशय ठेवून त्याचे लांबलेले तोंड कापतात, बाजूचे बंध पुढे ओढून शिवतात आणि सैल भिंती आवळतात. परंतु तोंड कापल्याने पुढे गर्भ राहण्यास व टिकण्यास अडचण येण्याचा संभव. आमच्या देशात तर वीस-बावीस वर्षांच्या, मूल हव्या असलेल्या मुली हे दुखणे घेऊन येत. त्यांचे काय करावे? शिरोडकरांनी पोटाच्या बाजूने जाऊन गर्भाशयाच्या मानेस मागून एक पट्टी जोडली आणि तिची टोके पाठीच्या कण्याखालच्या त्रिकास्थीच्या वरच्या कडेशी पक्की केली. आरंभी रुग्णेच्याच मांडीतील चिवट पटलाची पट्टी वापरीत. पुढे कृत्रिम धाग्याची फीत आली. म्हणजे बाज मोडली नाही, तिची पायगतीची दोरी ताणून बांधली! गर्भाशय जाग्यावर गेले आणि मातृत्वाची आशाही राहिली. मुंबईतील डॉक्टरांच्या पुरंदरे या नामांकित घराण्याच्या नावाचीही अशीच एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. तीत ही फीत पुढे, पोटाच्या स्नायूंवरील आवरणास बांधतात. सांप्रत अशा शस्त्रक्रिया पोट न फाडता, लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्यानेही होतात. शिरोडकरांना १९७१ साली पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. कोकणपट्टीच्या एका सुपुत्राने स्त्रीजातीवर केलेले हे उपकार आहेत.

ज्यांना अपत्ये झाली आहेत, वय उताराकडे आहे आणि अंग पुष्कळ बाहेर आहे, त्यांच्या बाबतीत खालच्या मार्गानेच गर्भाशय काढून, वरचे बंध व पुढच्या-मागच्या भिंती शिवून आवळण्याची शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ आहे. पोटावर छेद नाही. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. त्याआधी रक्तदाब, मधुमेह, हृदय यांची तपासणी होते. अंगावर व्रण असल्यास तो प्रथम औषधाने बरा करून घेतात. नंतर निदान तीन महिने जड ओझे उचलावयाचे नाही. दुखणे पुन्हा उद्भवण्याचा संभव कोणतीही शस्त्रक्रिया पुरता नाहीसा करीत नाही; परंतु जी बाई पथ्य पाळते तिला पुष्कळ वर्षे सुखाची मिळतात.

येथे आमच्या घरची दुसरी हकीकत, सौभाग्यवतींच्या संमतीने सांगतो. मातोश्रींच्या निधनानंतर सुमारे सतरा-अठरा वर्षांनी, एके रात्री जेवणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईला जे होत होते, ते मला होऊ लागले आहे." एवढे बोलण्यास त्यांना सहा महिने लागले होते, असे त्यांनी मागाहून सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन निघालो. पहिल्या ठिकाणी एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत "पिशवी काढून टाकू, परवा या" असे सांगितले. धड तपासलेही नव्हते. आम्ही गोंधळलो, परंतु सौभाग्यवतीच म्हणाल्या, की दुसऱ्यास विचारू. दुसऱ्या डॉक्टर भगिनींनी नीट तपासले, किती पायरीचे दुखणे आहे ते कागदावर चित्र काढून दाखविले. प्रथम व्यायाम आणि कडे सुचविले. दीड वर्ष त्यावर निभावले. पुढे अंग अधिक उतरले, कडे टिकेना, तेव्हा सर्व समजावून देऊन शस्त्रक्रिया केली. त्या सहा दिवसांनी घरी आल्या. तीन महिने हंडा आम्ही उचलला, केर आम्ही काढला, आणि साठीकडे झुकलेल्या मास्तरास भाकरी थापता येत नाही हे साऱ्या आळीस कळले. पुढच्या दसऱ्यास त्या पालखीबरोबर चालल्या. आम्ही मागून चालत होतो. गर्दीत आम्हांस आईच दिसत होती.

त्या पहिल्या डॉक्टरांची आठवण एका कारणासाठी सांगितली. लाजेने दुखणे लपविणे हे जसे घातक, तसे घाईने गर्भाशय काढून टाकणेही घातक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीकत २०१९ साली सर्व वृत्तपत्रांत आली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येक तर ऐन तारुण्यातल्या. मजुरीचा खाडा नको, पाळीचा त्रास नको, म्हणून निरोगी वा औषधाने बरे होण्याजोगे अवयव काढले गेले. त्याबरोबर अंडाशयेही काढली, तर अकाली म्हातारपण येते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे. दुखणे किती पायरीचे आहे? शस्त्रक्रियेवाचून काय करता येईल? गर्भाशय ठेवून दुरुस्ती होईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तसेच योनिमार्गातून बसविण्याच्या कृत्रिम जाळीमुळे परदेशात पुष्कळ स्त्रियांना त्रास झाला आणि २०१९ साली अमेरिकेच्या शासनाने अंगभ्रंशासाठी तिची विक्री थांबविली. तेव्हा कोणी जाळी सुचविल्यास तीही विचारपूर्वकच स्वीकारावी.

ज्ञातिबंधूंनो, "झाकली मूठ सव्वा लाखाची" अशी आपल्यात म्हण आहे. घराची अब्रू, हुंड्याची बोलणी, भावकीचे तंटे यांसाठी ती कदाचित ठीक असेल. दुखण्याची मूठ मात्र झाकली, की आतल्या आत सडते. आमच्या आईने ती पंचवीस वर्षे झाकून ठेवली, आणि सव्वा लाख तर दूरच राहिले, तिला एकाही पालखीबरोबर चालता आले नाही.

म्हणून संस्थेपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या महिला मंडळाने वर्षातून एकदा स्त्री-डॉक्टरांस बोलावून पन्नाशीपुढील भगिनींची तपासणी घडवून आणावी. तिला 'आरोग्य तपासणी' एवढेच नाव द्यावे, म्हणजे येणारीस संकोच होणार नाही. दुसरी, रोहा, पेण येथील शासकीय रुग्णालये व अलिबागचे जिल्हा रुग्णालय येथे कोणत्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बसतात, कोणत्या शासकीय योजनेतून खर्चाची सवलत मिळते, याची चौकशी करून ती माहिती कार्यालयाच्या फलकावर लावावी. तिसरी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या निधीप्रमाणे गरजू भगिनींच्या उपचारांसाठी एक लहानसा निधी उभारावा आणि त्याचा लाभ घेणारीचे नाव अहवालात छापू नये. या निधीस आम्ही आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाने आरंभ करीत आहोत.

चौथी सूचना प्रत्येक घरासाठी, आणि विशेषेकरून पुरुषांसाठी. घरात बाळंतीण असेल तेव्हा निदान सहा आठवडे हंडा, मोळी, पोते तिच्या हाती जाऊ देऊ नका. सुनेस हे सांगण्याची वाट सासूने पाहू नये, आणि सासूस विचारण्याचा संकोच सुनेने करू नये. आपली आई, मावशी, वहिनी, पत्नी एखादी गोष्ट हळूहळू सोडून देत असेल, प्रवास, देऊळ, लग्नकार्य टाळीत असेल, तर "वय झाले" असे म्हणून मोकळे होऊ नका. जवळ बसून विचारा. पहिल्यांदा ती हसून नाही म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. आमच्या आईस आम्ही पहिल्यांदाही विचारले नाही, ही चूक आता दुरुस्त होण्याजोगी नाही. आपली अद्याप आहे.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, विशेषतः वडीलधाऱ्या भगिनींचा संकोच झाला असल्यास, क्षमा असावी.